उमेदवारांच्या मुलाखती : उपप्रश्न मोजून पाहिलेत का कुणी?

कानोसा

निवडणूक आली की मुलाखतींचा पूर येतो आणि मागोमाग 'अमका अँकर विकला गेलाय' हा गजर सुरू होतो. मीही तो भरपूर केलाय. मागच्या खेपेला मात्र एक उद्योग केला. एकाच मुलाखतकाराने घेतलेल्या, एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन उमेदवारांच्या मुलाखती निवडल्या, वही उघडली आणि रेघा मारत बसलो. नावं सांगणार नाही, कारण सांगितली की पुढचे सगळे प्रतिसाद त्या नावांवरच खर्ची पडतील.

वहीत चार रकाने केले. मूळ प्रश्न किती, उपप्रश्न किती, बोलताना मध्येच किती वेळा तोडलं, आणि उत्तर मिळालेलं नसताना किती वेळा पुढे सरकले.

मला वाटलं होतं, एकाला अवघड पेपर आणि दुसऱ्याला सोपा, असं काहीतरी निघेल. तसं निघालं नाही. मूळ प्रश्न दोघांना सारखेच टोकदार होते. खरी गंमत उत्तरानंतर होती. पहिल्या उमेदवाराने एक आकडा फेकला, तर लगेच 'हा आकडा आणला कुठून?' दुसऱ्याने तेवढाच हवेतला आकडा फेकला, तर 'बरं, आता पुढच्या विषयाकडे वळू.' प्रोमोत दोन्ही प्रश्न सारखेच दणदणीत दिसतात. घरी बसलेल्याला वाटतं, वा, दोघांनाही सोडलं नाही. प्रत्यक्षात एकाला धरलं होतं, दुसऱ्याला नुसता हात लावला होता.

ज्यांना जाहीर उदाहरण हवंय त्यांनी ७ सप्टेंबर २०१६ चा एनबीसी या अमेरिकी वाहिनीचा कार्यक्रम बघावा. मुलाखतकार एकच (मॅट लाउअर), संध्याकाळ एकच, मंच एकच, आधी हिलरी क्लिंटन आणि मग डोनाल्ड ट्रम्प. तुलनेला इतकी सोयीची जोडी सहसा मिळत नाही. क्लिंटन यांच्या वाट्याचा बराच वेळ ईमेल प्रकरणात (परराष्ट्रमंत्री असताना खासगी सर्व्हर वापरल्याच्या) गेला, उपप्रश्नांवर उपप्रश्न. ट्रम्प यांनी आपला इराक युद्धाला पहिल्यापासून विरोध होता असं ठोकून दिलं. २००२ साली रेडिओवर त्यांनी युद्धाला होकार दिल्याचं ध्वनिमुद्रण तेव्हा सर्वांना माहीत होतं, आणि त्याच संध्याकाळी थोड्या वेळापूर्वी क्लिंटन यांनी त्या विसंगतीकडे बोटही दाखवलं होतं. लाउअर गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर जी टीका झाली ती विचारलेल्या प्रश्नांपेक्षा या न विचारलेल्या एका उपप्रश्नावर जास्त होती.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. हे चार प्रश्न बघा :

'तुम्ही त्या कंत्राटाची चौकशी करणार का?'
'चौकशी करायला नको होती का?'
'चौकशी का केली नाहीत?'
'विरोधक चौकशीची मागणी करतायत, काय सांगाल?'

विषय एकच. पहिल्यात उमेदवाराला दोन्ही दारं उघडी आहेत. दुसऱ्यात उत्तर प्रश्नातच भरून दिलंय. तिसऱ्यात गुन्हा गृहीत धरलाय. आणि चौथा प्रश्न नाहीच, तो पुढे केलेला माईक आहे. 'काय सांगाल'वर माणूस हवामानापासून आजोबांपर्यंत काहीही सांगू शकतो आणि ते उत्तरच ठरतं! वहीत पाचवा रकाना करायला हवा होता असं आता वाटतंय : 'काय सांगाल' कुणाच्या वाट्याला किती आले.

तुमची निरीक्षणं लिहा. पक्षांची नावं टाळता आली तर बघा.

टाचणी

छान धागा. पण सोपा प्रश्न म्हणजे मेहेरबानी, हे गणित प्रत्येक वेळी जमत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर रॉजर मड यांनी सिनेटर टेड केनेडींना विचारलं होतं, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष का व्हायचंय? याहून मऊ प्रश्न शोधून सापडणार नाही. शाळेच्या वर्गप्रमुखालाही हाच विचारतात. आणि केनेडी अडखळले. लांबलचक, कुठेच न पोचणारं उत्तर. ४ नोव्हेंबरला ते प्रसारित झालं आणि उमेदवारीची अधिकृत घोषणा व्हायची होती तीन दिवसांनी. मोहिमेचा पाय तिथेच घसरला असं आजही म्हणतात.

२००८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचं तसंच. कॅटी कुरिक यांनी विचारलं, तुम्ही कोणती वर्तमानपत्रं-मासिकं वाचता? एकाचंही नाव आलं नाही. समर्थक म्हणाले, सापळा लावला. अहो, वाचता काय हा सापळा कसा होईल?

कानोसा

@टाचणी, केनेडींचं उदाहरण चपखल. पण पेलिन यांच्या बाबतीत कुरिक यांनी तो प्रश्न सोडला नाही. नेमकं कोणतं, एखादं नाव सांगा, असं पुन्हा विचारलं. म्हणजे घाव उपप्रश्नानेच घातला. माझ्या म्हणण्याला बळच मिळालं की.

आडवातिडवा

मोजामोजी करून निःपक्षपातीपणा सापडतो ही भाबडी समजूत आहे. एक उमेदवार पाच वर्षं सत्तेत बसलाय, दुसरा पहिल्यांदा उभा राहतोय. दोघांना सारखेच उपप्रश्न? का म्हणून? ज्याच्या हातात तिजोरी होती त्याला हिशेब जास्त मागणारच. तुमच्या वहीत तो 'पक्षपात' म्हणून नोंदला जाणार.

आणि उलटही. एक जण मुद्द्याचं उत्तर देतो, दुसरा गोल गोल फिरतो. फिरणाऱ्याला चार वेळा विचारावंच लागतं. रेघा त्याच्याच नावावर जास्त पडणार. मग तो बाहेर येऊन रडणार, मलाच छळलं.

कानोसा

@आडवातिडवा, पहिला मुद्दा मान्य. सत्तेतल्याला जास्त विचारलं पाहिजे. माझ्या जोडीत दोघेही आधी निवडून आलेले होते, म्हणून ती अडचण मला आली नाही, पण पद्धतीत ती आहेच.

दुसऱ्या मुद्द्यासाठीच चौथा रकाना ठेवला होता. गोल फिरणाऱ्याला धरलं तर ठीक. पण एका गोल फिरणाऱ्याला धरलं आणि दुसऱ्याला सोडून दिलं, तर?

फुटेजवाला

बरीच वर्षं बातम्यांच्या वाहिन्यांत व्हिडिओ एडिटर होतो. वाहिनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. तुम्ही सगळे अँकरच्या तोंडाकडे बघताय. निम्मा खेळ त्याआधी आणि निम्मा त्यानंतर होतो.

आधीचा खेळ म्हणजे अटी. मुलाखत कुठे (स्टुडिओत, घरी की चालत्या गाडीत), किती मिनिटं, थेट की रेकॉर्ड करून, आणि कोणत्या विषयाला हात लावायचा नाही. प्रश्न लेखी द्या असं सहसा कुणी म्हणत नाही, 'विषय कळवा' म्हणतात. विषय कळवले की परत निरोप येतो, तो एक विषय राहू द्या हो, साहेब आज त्या मूडमध्ये नाहीत. आता गंमत बघा. तो विषय काढला तर पुढची मुलाखत मिळत नाही, आणि प्रतिस्पर्धी वाहिनीला मिळते. या धंद्यात विचारधारेपेक्षा ही भीती जास्त काम करते. चालत्या गाडीतली मुलाखत प्रेक्षकाला मोकळीढाकळी वाटते. आम्हाला माहीत असतं की मुक्काम आला की उपप्रश्न संपला.

नंतरचा खेळ माझ्या टेबलावर. पाऊण तासाचं फुटेज, प्रसारण वीस मिनिटं. काय ठेवायचं? त्यातली एक गोष्ट कबूल करतो, बाहेर कधी बोललो नाही. एका उमेदवाराच्या मुलाखतीत प्रश्नानंतर तो थांबला, खाली बघितलं, 'अं...' केलं आणि मग बोलला. मी ते ठेवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्याचं तसंच फुटेज आलं, तेवढाच थांबला होता. मी ती जागा कापली, वरून मुलाखतकाराचा मान डोलावतानाचा शॉट टाकला, कुणाला कळलंही नाही. पहिला चाचपडणारा दिसला, दुसरा हजरजबाबी. मला कुणी सांगितलं नव्हतं! निर्माता त्या खोलीतही नव्हता. पहिल्याबद्दल माझं मत वाईट होतं, त्यामुळे ते थांबणं मला 'बोलकं' वाटलं. दुसऱ्याचं थांबणं मला नुसतं रेंगाळणं वाटलं. बस. एवढंच झालं. शब्द एकही बदलला नव्हता, तक्रार झाली असती तरी कुणाला काही सापडलं नसतं.

मोठ्या प्रमाणावर हेच २०२४ च्या ऑक्टोबरात झालं. सीबीएसने कमला हॅरिस यांच्या एकाच उत्तराचा एक तुकडा एका कार्यक्रमात लावला आणि दुसरा तुकडा 'सिक्स्टी मिनिट्स'मध्ये. ट्रम्प यांनी खटला भरला. वाहिनीचं म्हणणं, वेळेसाठी कापलं, असं सगळेच कापतात. ते खरंही आहे, मीही आयुष्यभर तेच केलं. पण दोन्ही तुकडे शेजारी ठेवल्यावर प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटणार, हेही खरं. २०२५ च्या जुलैत मूळ कंपनी पॅरामाउंटने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. कायद्याने चूक सिद्ध झाली नाही. मात्र त्याच काळात त्या कंपनीच्या मोठ्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी हवी होती, हेही लक्षात ठेवा. म्हणजे दबाव फक्त बातमीदाराकडून उमेदवाराकडेच जातो असं नाही.

अर्धविराम

@फुटेजवाला, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. मग उपाय काय? पूर्ण फुटेज जालावर टाकायचं?

फुटेजवाला

टाकावं. आता उमेदवारही स्वतःचा कॅमेरा लावतात. २०२० च्या ऑक्टोबरात लेस्ली स्टॉल यांच्या मुलाखतीतून ट्रम्प मध्येच उठले आणि प्रसारणाआधीच आपल्याकडचं रेकॉर्डिंग फेसबुकवर टाकून मोकळे झाले. हेतू वाहिनीला खोटं पाडायचा होता, पण निदान प्रेक्षकाला दोन्ही बघता आलं. मात्र पूर्ण फुटेज बघतं कोण, हा प्रश्न राहतोच. लोक अर्ध्या मिनिटाचं रील बघतात. ते रील कापणारा पोरगा कोण, त्याचं नाव श्रेयनामावलीत नसतं.

आणि चिवट मुलाखतकारांवर आरत्या ओवाळणाऱ्यांसाठी एक किस्सा. १९९७ च्या मे महिन्यात बीबीसीच्या 'न्यूजनाइट'वर जेरेमी पॅक्समन यांनी मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. हॉवर्ड म्हणजे माजी गृहमंत्री, तेव्हा हुजूर पक्षाच्या नेतेपदाचे उमेदवार होते. प्रश्न होता, तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का? पत्रकारितेच्या वर्गांत हे फुटेज दाखवतात. पुढे पॅक्समननीच सांगितलं की पुढचा भाग तयार नव्हता, वेळ काढायची होती, दुसरं काही सुचेना म्हणून तेच विचारत राहिलो! आम्हा कंट्रोल रूमवाल्यांना यात काडीचंही नवल वाटत नाही.

टाचणी

हे माहीत नव्हतं. म्हणजे रनडाऊनमधल्या (कार्यक्रमाच्या क्रमयादीतल्या) भोकाला लोक बाणा म्हणत होते.

दुपारची सावली

एक रकाना सगळ्यांच्या वह्यांतून सुटलाय. 'घर कसं सांभाळता?' हा प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारलेला मी ऐकला नाही. बाई उमेदवार असली की पहिली दहा मिनिटं घर, मुलं, सासर, 'नवऱ्याचा पाठिंबा'. उरलेल्या वेळात रस्ते आणि पाणी. तिला वाईट प्रश्न विचारला असं कुणी म्हणणार नाही, सगळं हसतखेळत असतं. पण तिच्या खात्यातली दहा मिनिटं गेली ती गेली.

न्यूझीलंडमध्ये २०१७ च्या ऑगस्टला जसिंडा आर्डर्न विरोधी पक्षाच्या नेत्या झाल्या, निवडणूक तोंडावर होती, आणि चोवीस तासांच्या आत दोन कार्यक्रमांत मुलांचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी तर मुलाखतकाराने असा युक्तिवाद केला की नोकरी देणाऱ्याला बाईचा मूल होऊ देण्याचा विचार माहीत असायला हवा. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं त्यातला बारकावा मला आवडतो. मी स्वतः या विषयावर आधी बोलले आहे, मला विचारलंत तर चालेल, पण कामाच्या जागी इतर कुठल्याही बाईला हे विचारणं २०१७ साली मान्य होणार नाही, असा तो सूर होता.

आणि हाकांचं बघा. एकाला 'साहेब', दुसऱ्याला नुसतं आडनाव, तिसरीला 'ताई'. 'साहेब' म्हणून सुरू झालेल्या वाक्याच्या शेवटी 'खोटं बोलताय' कसं येणार? व्याकरणच आडवं येतं.

आडवातिडवा

हे मात्र पटलं. शेवटचं वाक्य विशेष.

घडामोड

परदेशच चाललंय सगळं. आपल्याकडची जोडी घ्या की. २००७ च्या ऑक्टोबरात, गुजरात विधानसभेच्या निवडणुकीआधी, करण थापर यांनी सीएनएन-आयबीएनसाठी नरेंद्र मोदींची मुलाखत घेतली. तीनेक मिनिटांत मोदींनी पाणी मागितलं, माईक काढला, संपलं. आणि २०१४ च्या जानेवारीत टाइम्स नाऊवर अर्णब गोस्वामींनी राहुल गांधींची घेतलेली मुलाखत, तासाहून जास्त. त्याच निवडणुकीत मे महिन्यात अर्णबनीच मोदींचीही घेतली. धागाकर्त्याला हवी तशी जोडी आयती आहे. मोजा.

उघडझाप

थापर यांनी मुलाखत घेतलीच नाही, सरळ आरोपपत्र वाचलं. पहिलाच प्रश्न 'लोक तुम्हाला असं असं म्हणतात, तुमच्या प्रतिमेची अडचण आहे का' या धाटणीचा. लोक म्हणतात म्हणजे कोण म्हणतात? स्वतःचं मत लोकांच्या खिशात घालून काढायची ही जुनी युक्ती.

घडामोड

आणि राहुलना १९८४ च्या शीखविरोधी दंगलीबद्दल माफी मागणार का असं फिरून फिरून विचारलं ते चाललं? तिथे 'आरोपपत्र' दिसलं नाही? जी गोष्ट आवडत नाही ती छळ, आवडते ती पत्रकारिता. आणि २०१९ ला मतदान चालू असताना एका अभिनेत्याने मोदींची 'बिगरराजकीय' मुलाखत घेतली, त्यात आवडीनिवडी विचारल्या, त्याला काय म्हणायचं? एकही उपप्रश्न नाही!

उघडझाप

बिगरराजकीय असं आधीच सांगितलं होतं. फसवलं कुणी?

संपादक मंडळ

यानंतरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. मुलाखतींवर बोला, एकमेकांच्या खानदानावर नको. पुन्हा झालं तर धागा वाचनमात्र होईल.

वहीतली रेघ

वरचं भांडण वाया गेलं नाही असं मला वाटतं, कारण ते एका जुन्या प्रयोगाचं प्रात्यक्षिकच आहे. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८२ च्या बैरूत हत्याकांडावरच्या टीव्ही बातम्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूचे आणि अरबांच्या बाजूचे, दोघांना त्याच चित्रफिती. दोन्ही गट म्हणाले, बातम्या आमच्या विरोधात झुकलेल्या आहेत. दोघांनाही असं वाटलं की तटस्थ माणसाने हे पाहिलं तर तो आमच्या विरुद्ध जाईल. ज्याला विषय जास्त माहीत त्याला तो कल जास्त जाणवला, हा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. माहिती वाढली की नजर स्वच्छ होते असं आपण धरून चालतो.

म्हणून कानोसा यांना एक प्रश्न. वहीत रेघा कुणी मारल्या? तुम्ही एकट्यानेच ना?

कलमबहाद्दर

कायद्याचा मुद्दा आला नाही म्हणून थोडक्यात. 'सगळ्यांना सारखा वेळ' हा नियम करून बघितला गेलाय. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ सांगतं की एका उमेदवाराला वेळ दिला तर इतरांनाही तेवढाच द्यावा. १९५९ मध्ये लार डेली नावाचे शिकागोच्या महापौरपदाचे उमेदवार, अंकल सॅमचा पोशाख करून प्रचार करणारे, प्रसारणाच्या सरकारी नियामकाकडे गेले की बातम्यांत इतर उमेदवार दिसले, मलाही दाखवा. नियामकाने मानलं! वाहिन्यांची झोप उडाली. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून खऱ्याखुऱ्या बातम्या आणि वृत्तमुलाखती नियमातून वगळल्या. म्हणजे ज्या मुलाखतींबद्दल आपण बोलतोय त्यांना तिथे समान वेळेचं बंधन नाही. ब्रिटनच्या प्रसारण नियमांत शब्द आहे तो यथोचित निःपक्षपातीपणा. यथोचित म्हणजे प्रत्येकाला मोजून तितकीच मिनिटं असं नव्हे.

आपल्याकडे दूरदर्शन-आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना वेळ वाटून मिळतो, पण ती मुख्यतः भाषणं. मुलाखतीला लागू पडतं ते लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवरून निवडणुकीचा प्रचार नको. २०१७ च्या डिसेंबरात गुजरातच्या दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी राहुल गांधींच्या मुलाखती दाखवल्या गेल्या, निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली, आणि चार दिवसांनी ती मागेही घेतली. मुलाखत हा प्रचार की बातमी, हे ठरवणं आयोगालाही सोपं गेलं नाही.

पैसे देऊन छापून आणलेल्या 'बातम्या' हा वेगळा आणि जास्त काळा प्रकार. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदारांना आयोगाने त्यावरून तीन वर्षं अपात्र ठरवलं, कारण तो खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. बघा, गुन्हा ठरला तो हिशेबाचा. वाचकाला फसवल्याचा नव्हे.

अर्धविराम

आणि जो मुलाखतीला येतच नाही त्याचं काय? २०१९ च्या ब्रिटिश निवडणुकीत बीबीसीच्या अँड्र्यू नील यांनी इतर मोठ्या नेत्यांना एकेक करून सोललं. मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांची मुलाखत त्यांना चांगलीच महागात पडली. बोरिस जॉन्सन आलेच नाहीत. शेवटी नील यांनी कॅमेऱ्यासमोर बसून, त्यांना काय काय विचारलं असतं ते सांगितलं. ती तीन मिनिटं खूप गाजली, पण निवडणूक जॉन्सन यांनी जिंकली. मजूर पक्षाची तक्रार अशी की जॉन्सनही येणार असं समजून आम्ही आमचा माणूस पाठवला. आता याला वाहिनीचा पक्षपात म्हणायचं का? तिने बोलावलं होतं. पण पडद्यावर परिणाम काय झाला? एकाची चिरफाड दिसली, दुसऱ्याची दिसली नाही.

हल्ली तर टाळायचीही गरज नाही. तीन तासांचं पॉडकास्ट असतं, समोरचा हसतो, मान डोलावतो, 'क्या बात' म्हणतो. उमेदवार मुलाखत 'देतो'च, फक्त विचारणारा स्वतः निवडतो.

फुटेजवाला

हेच. पूर्वी वाहिनीच्या दारात रांग असायची, आता वाहिनी रांगेत उभी आहे. अटी आम्ही का मानतो याचं उत्तर यात आलं.

कानोसा

@वहीतली रेघ, तुमच्या प्रश्नाने तीन दिवस खाल्ले, म्हणून उशिरा येतोय.

रेघा मी एकट्यानेच मारल्या होत्या. आणि हो, त्या दोघांपैकी एकाला मी मत देणार होतो. धाग्यात हे लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. कुठल्या उमेदवाराला धरलं होतं आणि कुठल्याला सोडलं होतं हे आठवलं की कोण माझा हे ओळखता येईल.

एक जुना मित्र आहे, निवडणुकीच्या दिवसांत आम्ही एकमेकांशी फक्त क्रिकेटवर बोलतो. त्याला त्याच दोन मुलाखती दिल्या, तेच चार रकाने, माझी वही न दाखवता. काल दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मूळ प्रश्नांचा आकडा तंतोतंत जुळला. 'उत्तर न मिळताच पुढे' हाही जवळपास जुळला, म्हणजे सोडून देण्यातला फरक त्यालाही दिसला, इतकं माझ्या पदरात. उपप्रश्नांत थोडी खेचाखेच. पण 'मध्येच तोडलं' हा रकाना कशालाच काही जुळेना. मी जिथे 'तोडलं' लिहिलं होतं तिथे त्याने लिहिलं होतं, 'लांबण लावली म्हणून आवरलं'. आणि दुसऱ्या मुलाखतीत बरोब्बर उलट. एका जागेवर आम्ही दोघांनी तीच आठ सेकंदं पाच वेळा ऐकली. मला अँकर उद्धट वाटला, त्याला सहनशील. शेवटी बायको आतून म्हणाली, तो अँकर नुसता खोकतोय.

तर तो रकाना मी रद्द केलाय.

वहीतली रेघ

कबुली आवडली. रकाना रद्द करण्याऐवजी सेकंद मोजा. उमेदवार किती वेळ बोलल्यावर अँकरने तोंड उघडलं, एवढंच. उद्धट की सहनशील हे घड्याळ सांगत नाही, आणि तेच हवंय.

दुपारची सावली

किंवा चित्र आणि आवाज दोन्ही काढून टाका. नुसता लेखी मजकूर, नावं खोडून. मग सांगा कोण कुणाला छळतंय.

आडवातिडवा

हे जमवा. मला पाठवा व्यनित (व्यक्तिगत निरोपात). मला कोणाचंच प्रेम नाही, मी ठरवतो.

कानोसा

@आडवातिडवा, दोन्ही मुलाखतींची पहिली दहा-दहा मिनिटं टंकून पाठवली आहेत. नावं, पक्ष, मतदारसंघ, सगळ्यावर फुल्या मारल्यात. अ आणि ब.

आडवातिडवा

मिळालं. वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीतच कळलं ब कोण ते. नावं खोडलीत, पक्ष खोडलात, 'साहेब' तसंच ठेवलंय.

कानोसा

अरे देवा. खोडून पुन्हा पाठवतो. तोवर ब कोण ते इथे लिहू नका.